खंडेनवमीचा पिवळा रंग

श्यामसुंदर कामावरून घरी आले की दार उघडण्याआधी कुंदाताई उदबत्ती लावत. नाहूरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात हा रिवाज इतका मुरला होता, की सगळ्यांच्याच घरी वडील आल्यावर उदबत्ती लावतात, असं त्यांच्या मुलीला, अस्मिताला, लहानपणी वाटायचं. जिन्यात ओळखीच्या चपला वाजल्या की आई काडी ओढायची, दार उघडायची आणि बाजूला व्हायची. बाबा इकडेतिकडे न बघता सरळ न्हाणीघरात जायचे. तिथे त्यांची वेगळी बादली, वेगळा टॉवेल, चंदनाचा साबण. उतरवलेले कपडे सोड्याच्या पाण्यात भिजायचे आणि गॅलरीच्या टोकाच्या दोरीवर एकटेच वाळायचे. अंघोळ करून, पावडर लावून बाबा बाहेर आले, की मग ते खरे घरी आले असं धरायचं. मग चहा, मग थट्टामस्करी.

उदबत्ती कशासाठी, हे त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

श्यामसुंदर कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होते. कारखाना देवनारच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. कुणी विचारलं तर कुंदाताई 'केमिकल कंपनीत ऑफिसर' एवढंच सांगत. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. कारखान्यातलं रंगीत, आंबूस, कुजकं पाणी जिथे येऊन पडतं आणि थोडंफार निवळून पुढे सोडलं जातं, त्या सांडपाणी केंद्राचे ते प्रमुख होते. अस्मितासाठी स्थळं बघत होते त्या काळात एका मावशीने सुचवलं, "सांडपाणी कशाला म्हणता? पर्यावरण विभाग म्हणा." तेव्हापासून पर्यावरण विभाग. स्थळं जमली नाहीत ती नाहीतच. अस्मिता घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाली, चाळिशीला आली, आणि बाबा पर्यावरण विभागातच राहिले.

त्या वर्षी नवरात्रातल्या अष्टमीला ते झेंडूच्या फुलांची पिशवी घेऊन आले. उदबत्ती, अंघोळ, चहा, सगळं ओळीने झालं. मग त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी उलटी केली.

"एवढी फुलं?" अस्मिता म्हणाली. "टाकीची पूजा आहे की लग्न?"

"लग्नच समज. म्हातारी यंदाही पिवळ्या शालूत आहे."

म्हातारी म्हणजे त्यांची सांडपाण्याची टाकी. तिच्यावरून या काठापासून त्या काठापर्यंत एक अरुंद लोखंडी पूल गेला होता. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होई, तेव्हा टाकीचा मान म्हणून त्या पुलाच्या मधोमध हार बांधत. पूजेआधी पुलाला दरवर्षी पिवळा रंग.

"दरवर्षी कशाला?" सुईत दोरा ओवत अस्मिताने विचारलं. "गेल्या वर्षीचा उडाला का?"

"उडाला नाही गं, फुगला. पोपडे आलेत. त्यावरच मारला."

"अहो, खरवडून मारायचा ना! गॅलरीचं ग्रिल रंगवताना मला आख्खा दिवस पॉलिशपेपर घासायला लावला होतात."

"घरच्या ग्रिलची गोष्ट वेगळी." श्यामसुंदर हसले. "तिथे खरवडलं की भोक दिसतं. भोक दिसलं की वेल्डिंग आलं. वेल्डिंग करायचं तर टाकी रिकामी करा. टाकी रिकामी म्हणजे कारखाना बंद. मग नंदकुमार साहेब मला बोलावून विचारणार, श्यामसुंदर, तुम्हाला खरवडायला सांगितलं होतं कुणी?"

"मग तपासणीला येतात ते काय बघतात?"

"ते येतात दिवाळीनंतर. पूजा झालेल्या वस्तूला हातोडा लावत नाहीत आमच्यात. ते रंग बघतात, हार बघतात, पेढा खातात."

"झकास आहे तुमचा कारभार," आतून कुंदाताई म्हणाल्या. नवरात्राचा उपास त्यांचा असे. श्यामसुंदरांना एक जेवण चुकलेलं चालत नसे.

बापलेक शेजारी बसून हार ओवत राहिले. झेंडूच्या कडवट वासाखाली, चंदनाच्या साबणाखाली, बाबांच्या हातांना दुसराही एक वास होता. कितीही धुतलं तरी नखांच्या कडेला उरायचा. सडक्या अंड्यांसारखा. अस्मिताला तो आला. लहानपणापासून रोज येत होता. तिने मान आणखी खाली घातली आणि पुढचं फूल उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन, भेंडीच्या भाजीचा डबा आणि तो हार घेऊन श्यामसुंदर कामावर गेले. ते परत आले नाहीत.

काय झालं ते भिकाजीने सांगितलं. भिकाजी त्यांच्या हाताखाली टाकीवर काम करायचा. मानखुर्दच्या बाजूच्या जुन्या कोळीवाड्यातला. पुलावर रोज चढणारा तोच.

"मी म्हणलो, साहेब, द्या हार, मी जातंय. तर म्हणाले, वर्षभर तूच जातोस रे, आज मान माझा." इस्पितळाच्या व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा होता. "मधोमध गेले. वाकले. खालनं कट् झालं. मोठा आवाज बी नाय. बिस्किट मोडावं तसं."

टाकीतून बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलीस आले तेव्हा नंदकुमार साहेब कुंदाताईंच्या शेजारीच बसले होते. कारखान्याचे व्यवस्थापक, निवृत्तीला आलेले. त्यांचे डोळे खरोखरच रडून लाल झाले होते. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "चक्करच आली असणार हो. नवरात्राचा उपास होता ना त्यांचा?"

कुंदाताईंनी पदर तोंडाला लावला. "हो," त्या म्हणाल्या. "उपास होता."

अस्मिता समोर उभी होती. पोह्यांची बशी सकाळी तिनेच उचलली होती. तिने आईकडे पाहिलं.

पुढे तेराव्यानंतर एकदा तिने विचारलं. कुंदाताई चिडल्या नाहीत, नुसत्या थकून बोलल्या. "मग काय सांगू? घाणीच्या पाण्यात पडून गेले असं सांगू? जन्मभर एवढं सांभाळलं, ते शेवटी चव्हाट्यावर मांडू? चक्कर म्हणजे निदान चारचौघांसारखा आजार."

वाचकहो, या बाईला कठोर म्हणण्याआधी आपापल्या घरात डोकावून बघावं. घाणीला हात लावणारा माणूस आपल्याला पंक्तीत शेजारी नको असतो. तो आपल्याच घरातला निघाला तर आपण त्याच्या कामाला दुसरं नाव देतो. मग तो माणूस कुठे उभा राहतो आणि त्याच्या पायाखाली काय आहे, हे विचारायला तोंडच उरत नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर भिकाजी घरी आला. श्यामसुंदरांचं हेल्मेट, चष्म्याचं घर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड त्याने आणलं होतं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत या ना, काका," अस्मिता म्हणाली.

"नको पोरी. कामावरनंच येतंय. अंगाला वास हाय." तो सहज बोलला, छत्री ओली आहे म्हणावं तसं. "आमच्या घरात आईचा मासळीचा आणि माझा कंपनीचा. बायको म्हणते, दोघातला कुणीतरी एकच घरात या."

कुंदाताईंचा हात आपोआप उदबत्तीच्या पुड्याकडे गेला होता. तो अर्ध्यात थांबला. त्या आत निघून गेल्या.

कागदात लोखंडाचा एक तुकडा होता, वीतभर. "पुलाच्या खालचा टेकू," भिकाजी म्हणाला. "साहेबांच्या संगती पडला. भंगारात चालला होता. म्हणलं, तुमचंच हाय ते."

"नवा पूल घातला का?"

"मोडला तेवढा तुकडा घातला. बाकीचा हाय तोच. चालतंय आपलं." तो हसला, मग हसू त्यालाच जड झालं. "आता हार बी मीच बांधणार."

तो तुकडा अस्मिताने कॉलेजात नेला. गार्गी तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. दोघींची मैत्री चहाच्या टेबलावरची, जुनी. गार्गीने हातमोजे घातले आणि तुकडा प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली धरला. मोडलेल्या कडेला रंगाचे थर दिसत होते, एकावर एक, पिवळ्यावर पिवळा. त्यांच्या आत लोखंडाच्या जागी काळा, मऊ चुरा. तिने चिमट्याने टोचलं तसा तो ढेकळासारखा निघाला.

"वाट लागलीय याची," गार्गी म्हणाली. "हे नुसतं गंजणं नाही गं. हे खाल्लंय."

"कुणी?"

"बस, सांगते. रंगाच्या कारखान्याच्या पाण्यात सल्फेट भरपूर. टाकीच्या तळाला गाळ, तिथे हवा नाही. अशा जागी जे जीवाणू राहतात ते हवेऐवजी ते सल्फेट वापरून जगतात, आणि सोडतात एक विषारी वायू. सडक्या अंड्यांसारखा वास. तो वायू वर येतो आणि पुलाच्या ओल्या लोखंडात मुरतो. तिथे दुसऱ्या जातीचे जीवाणू बसलेले असतात, ते त्याचं गंधकाम्ल करतात. रोज थोडं थोडं. पोलाद कितीही जाड असू दे, त्याला खड्डे पडत जातात."

"पण वरून रंग होता. दरवर्षी."

"खरवडून?"

अस्मिताने नकारार्थी मान हलवली.

"मग रंगाने त्यांना गोधडी घातली. पोपड्याच्या आत ओल, चिकटा, आणि हवा बंद. तळाशी राहणारे ते पहिले जीवाणू आता पुलावरसुद्धा सुखाने नांदणार. बाहेरून पिवळंधमक, आतून हे." गार्गीने काळ्या चुऱ्याची चिमूट काचेवर घेतली. "थांब, दाखवते. तोंड लांब ठेव हं."

तिने धूर ओढून नेणाऱ्या कपाटात काच ठेवली आणि चुऱ्यावर आम्लाचा एक थेंब सोडला. बुडबुडे आले. कपाटाचा पंखा सुरू असूनही त्यातलं किंचितसं, अगदी ओझरतं, अस्मिताच्या नाकापर्यंत पोचलं.

दार उघडून बाबा आत आले.

तिने टेबलाची कड घट्ट धरली. जिन्यातल्या चपला, आईने ओढलेली काडी, न्हाणीघराच्या दाराची कडी. इतके दिवस घरात तिने त्यांचा शर्ट हुंगून पाहिला होता, उशी हुंगून पाहिली होती. सगळीकडे साबण आणि पावडर होती. आईने त्यांना इतकं स्वच्छ धुतलं होतं, की त्यांचं म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. आणि ते इथे होते, काचेच्या तुकड्यावर, काळ्या चिमटीत.

"काय झालं गं? पांढरी पडलीस."

"काही नाही," अस्मिता म्हणाली.

गार्गीने पंखा वाढवला. "हा वास तिथे कुणालाच येत नाही?"

"डम्पिंगचा आहे म्हणतात. देवनारचे कचऱ्याचे डोंगर जवळ आहेत ना."

"सोयीचं आहे. आणि कदाचित खरंच येत नसेल त्यांना. या वायूने नाक बधिर होतं, रोज त्यात राहणाऱ्याला कळेनासं होतं. तिथेच तर धोका." तिने हातमोजे काढले. "हे बघ, या एका थेंबाने कोर्टात काही सिद्ध होणार नाही, हे मी तुला आधीच सांगते. पण बाकीच्या पुलावर हातोडा मारून बघायला कोर्ट लागत नाही."

त्यानंतरचे महिने अस्मिताने कचेऱ्यांच्या बाकांवर घालवले. एकीकडे म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे म्हणाले, चौकशी झालेली आहे, त्यांना चक्कर आली होती, तुमच्या आईंनीच तसं सांगितलंय. एक तरुण अधिकारी खरोखर जाऊन आला. पुलाला ताजा रंग आहे, म्हणाला, वास डम्पिंगचा आहे. त्याचाही तिला राग आला नाही. राग यायला अंगात काही शिल्लक लागतं. ती पुस्तकं वाचायची, घरी यायची, आईबरोबर जेवायची. भिकाजी रोज त्या पुलावर चढत होता, आणि हे माहीत असलेली ती रोज गाढ थकून झोपत होती.

दुसरं नवरात्र आलं. नंदकुमार साहेबांचा फोन आला. नवमीला श्यामसुंदरांच्या फोटोला हार घालायचा आहे, टाकीचा नारळ यंदा वहिनींनी फोडावा, सगळ्यांची इच्छा आहे.

"मान देतायत," कुंदाताई म्हणाल्या आणि कपाटातून ठेवणीतली साडी काढली. "तू काही बोलू नकोस तिथे. माझं ऐक."

बोलायचं आहे असं अस्मिताचंही ठरलेलं नव्हतं. तिला फक्त भिकाजी हार घेऊन निघालेला दिसत होता, झोपेत आणि जागेपणी.

टाकीच्या काठावर सतरंजी अंथरली होती. खुर्चीवर श्यामसुंदरांचा हसरा फोटो. कामगार नवे शर्ट घालून अर्धवर्तुळात उभे होते. पुलाला पिवळा रंग दिला होता, इतका ताजा की उन्हात डोळ्यांना लागत होता. नवा तुकडा कुठला आणि जुना पूल कुठला, हे आता ओळखता येत नव्हतं. खाली टाकीतलं पाणी काळपट जांभळं, आणि त्याच्यावरून तो वास सरळ तिच्याकडे आला.

तिने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीही नाकाला रुमाल लावला नव्हता.

"वहिनी, या." नंदकुमार साहेबांनी कुंदाताईंच्या हातात नारळ दिला. "भिकाजी, चल रे, हार बांधून घे आधी. मग नारळ."

"आलो, साहेब." भिकाजीने हार खांद्यावर टाकला. "शर्ट नवा हाय, रंग लागला तर बायको घरात घेणार नाय. तशी बी घेत नाय म्हणा." दोघेचौघे हसले. त्याने चप्पल काढली, पुलाला हात लावून नमस्कार केला आणि उजवा पाय उचलून वर ठेवला.

"काका, थांबा."

आपलाच आवाज अस्मिताला ओळखू आला नाही. भिकाजीने मागे वळून पाहिलं.

"काय झालं बेटा?" नंदकुमार साहेब म्हणाले.

"पुलावर कुणी जायचं नाही. हातोडा आणा आधी. रंग खरवडा, ठोकून बघा, मग हार बांधा."

"अगं, आज नवमी. आज हातोडा लावत नाहीत. आणि पूल दुरुस्त केलाय आपण."

"मोडला तेवढाच केलाय."

"अस्मिता," कुंदाताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "चारचौघांत नको."

नंदकुमार साहेबांनी घाम पुसला. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. वर्षभर सगळे जे म्हणत आले होते तेच ते बोलत होते. "हे बघ, श्यामसुंदर माझा भाऊ होता. त्याला चक्कर आली, उपास होता, सगळ्यांना माहीत आहे. उगीच पुलाला कशाला..."

"उपास आईचा असतो. बाबा पोहे खाऊन आले होते. भेंडीची भाजी होती डब्यात."

कुंदाताईंनी नारळ छातीशी धरला होता. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग फोटोकडे. मग त्या सावकाश वाकल्या आणि नारळ न फोडता ताटात परत ठेवला. त्यांच्या बांगड्या वाजल्या तेवढाच आवाज झाला.

भिकाजीने पुलावरचा पाय खाली घेतला.

"आणि हा वास," अस्मिता म्हणाली.

"तो डम्पिंगचा," मागून एकजण सवयीने बोलून गेला.

"नाही." तिने फोटोकडे पाहिलं. पावडर लावलेला, हसरा चेहरा, जन्मभर उदबत्तीच्या धुरातून घरात आलेला. "डम्पिंगचा नाही. तुम्हाला येत नसेल, तुमची नाकं मेली आहेत. आम्हाला यायचा. आम्ही रोज उदबत्ती लावत होतो आणि रोज गप्प बसत होतो. बाबा, तुमच्या अंगाला वास यायचा. हाच. याच टाकीचा. मला रोज यायचा."